‘प्रतीक’मधला ‘ती’ दीर्घच

प्रश्न असा आहे: “डिस्टोपियन (अन्यायी, भयावह समाज रंगवणाऱ्या) लघुकथांचा अभ्यास करताना ‘थीम’ आणि ‘सिम्बॉल’ यांना मराठीत काय म्हणावे? ‘काळी पेटी हे मृत्यूचे प्रतिक आहे’ असे लिहिले तर चालेल का?”

नाही चालणार. आधी तो ‘ति’ दुरुस्त करा. परीक्षणांत, प्रबंधांत, मलपृष्ठावरच्या मजकुरात हा ऱ्हस्व ‘ति’ इतक्यांदा भेटतो की पुढचे वाचायची इच्छाच उरत नाही. ‘प्रतिमा’, ‘प्रतिनिधी’, ‘प्रतिबिंब’ यांच्या संगतीने तो इथे शिरतो. पण त्या शब्दांत निव्वळ ‘प्रति’ उपसर्ग आहे. ‘प्रतीक’मध्ये त्या ‘प्रति’ला आणखी काहीतरी येऊन मिळाले आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे.

खूण, चिन्ह हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो. ऋग्वेदात प्रतीक म्हणजे चेहरा, आपल्याकडे वळलेली बाजू. अग्नीला तिथे ‘घृतप्रतीक’ म्हटले आहे, तुपाने उजळलेल्या मुखाचा. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, ‘अङ्गं प्रतीकोऽवयवः’ अशी ओळ आहे, म्हणजे तिथे प्रतीक हा देहाचा अवयव. टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) ‘प्रति + इक’, म्हणजे आपल्याकडे झुकलेला, अशी फोड केली आणि सांगितले की वस्तूचा जो भाग आधी दिसतो व ज्यावरून पुढे सगळी वस्तू कळते, तो भाग म्हणजे प्रतीक. अर्थ बावनकशी आहे. फोड मात्र मला मुळीच पटत नाही. ‘इक’ला ‘झुकलेला’ हा अर्थ आला कुठून? नातलग भाषांतले शब्द ताडून पाहणारे तौलनिक भाषाशास्त्र या तुकड्याचे नाते ‘अक्षि’शी, म्हणजे डोळ्याशी लावते, आणि मी ठामपणे त्या बाजूचा आहे. ‘अनीक’ हा त्याचाच भाऊ. गीतेच्या पहिल्या अध्यायातले ‘पाण्डवानीकम्’ आठवा: आपण त्याचा अर्थ सैन्य असा करतो, पण अनीक म्हणजे मुळात मुख, आघाडीची बाजू. ग्रीकमधला ‘प्रोसोपोन’ हा शब्दही याच घडणीचा. त्याचा अर्थ चेहरा, आणि नाटकातला मुखवटाही! उपसर्गाला डोळा येऊन मिळाला आणि ‘ती’ दीर्घ झाला. तो ऱ्हस्व लिहिणारा शब्दाचा डोळाच काढून घेतो.

‘सिम्बॉल’ची गोष्ट अगदी वेगळी. ग्रीक ‘सिम्बोलॉन’ म्हणजे मोडून दोघांनी वाटून घेतलेली खुणेची वस्तू. पुढे कधी भेट झाली की अर्धुके जुळवून ओळख पटवायची. तिथे एका तुकड्याला दुसरा लागतो. प्रतीकाला जोडीदार लागत नाही. त्याच्या मागे अख्खे अंग असते, फक्त चेहरा आपल्याकडे वळलेला असतो.

म्हणूनच माझे म्हणणे आहे की या कथांसाठी ‘प्रतीक’ हा शब्द ‘सिम्बॉल’पेक्षा सरस आहे. शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ (१९४८) ही कथा घ्या. तिच्यात एक गाव दरवर्षी पेटीतून चिठ्ठ्या काढते आणि काळ्या ठिपक्याची चिठ्ठी ज्याला येते त्याला दगडांनी मारते. तुमची काळी पेटी तिथलीच दिसते. लेखिकेने ती किती जवळून दाखवली आहे पाहा. पेटीचा रंग उडाला आहे, एका बाजूने तिचा टवका निघून आतले लाकूड दिसते आहे. नवी पेटी करण्याची चर्चा दरवर्षी होते आणि विरून जाते. आधीच्या पेटीचे काही तुकडे हिच्यात वापरले आहेत, असे गावात बोलले जाते. जुन्या पेटीचा अवयव नव्या पेटीत! अमरकोशातला अर्थ याहून नेमका कुठे भेटणार? ही पेटी मृत्यूच्या ‘बदली’ उभी नाही. ती त्या प्रथेचाच एक भाग आहे, डोळ्यांसमोर असलेला. काळा म्हणजे मृत्यू, पांढरा म्हणजे निष्पापपणा अशा तयार जोड्या लावणारे तो टवका पाहतच नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

संस्कृत टीकाग्रंथांत, म्हणजे मूळ ग्रंथ उलगडणाऱ्या भाष्यांत, आणखी एक ‘प्रतीक’ आहे. टीकाकार अख्खा श्लोक पुन्हा देत नाहीत, त्याचे पहिले एक-दोन शब्द देतात, आणि त्या शब्दांनाच प्रतीक म्हणतात. बाकीचा श्लोक वाचकाने मनात म्हणायचा. लघुकथेत अख्खी राजवट मांडायला जागा नसते. तिथे एक पेटी, एक चिठ्ठी, चिठ्ठीवरचा एक काळा ठिपका येतो, आणि उरलेला श्लोक आपण म्हणतो.

‘थीम’चे राहिलेच. ‘विषय’ म्हणू नका, ‘आशयसूत्र’ म्हणा. ‘द लॉटरी’चा विषय सोडत आहे. कारण विसरले तरी दगड उचलायला माणसे विसरत नाहीत, हे आशयसूत्र. आणि तुमचे वाक्य असे लिहा: ‘काळी पेटी हे गावाने न तपासता जपलेल्या प्रथेचे प्रतीक आहे.’