विहिरीतलं पोहणं आणि धरणाचं पाणी

भुसावळ,
पोळ्यानंतरचा रविवार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन गोष्टी बोललास. पहिली म्हणजे, ‘नाना, स्प्रिंट ट्रायथलॉनचा फॉर्म भरला, आता सायकल कोणती घेऊ ते सांगा.’ आणि फोन ठेवता ठेवता दुसरी, ‘पोहण्याचं टेन्शन नाही, मी सहावीपासून मळ्यातल्या विहिरीत पोहतोय.’ पोहणं, सायकल आणि धावणं एकामागून एक अशी ही शर्यत, आणि स्प्रिंट म्हणजे तिचा छोटा प्रकार. त्यातल्या सायकलीचं उत्तर दोन ओळींत देता येईल. हे पत्र लिहायला बसलोय ते दुसऱ्या वाक्यासाठी. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी माझ्या पहिल्या स्प्रिंटच्या आधी मी नेमकं हेच बोललो होतो.

मीही विहिरीतच शिकलो. पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा आणि काठावरून थोरल्या भावाची लाथ, एवढंच आमचं प्रशिक्षण. चार दिवसांत डबा सुटला, महिन्याभरात वरच्या कठड्यावरून सूर मारायला लागलो. त्यामुळे पाण्याची भीती अशी कधी वाटलीच नाही. पण बाबा, विहिरीत आपण पोहतो किती? आपली विहीर पंचवीस-तीस फुटी. सात-आठ हात मारले की समोरचा दगड हाताला लागतो. मग कपारीला धरून गप्पा, पुन्हा सूर, पुन्हा गप्पा. स्प्रिंटमध्ये ७५० मीटर पोहायचं असतं. पंचवीस फुटी विहिरीत तेवढं अंतर भरायचं तर शंभरेक वेळा आरपार जावं लागेल, आणि तेही एकदाही कपारीला न धरता. मी हा हिशेब शर्यत झाल्यावर केला.

त्या दिवशी शर्यतीत, धरणाच्या पाण्यात, काय झालं ते सांगतो. भोंगा वाजला आणि मी सगळ्यांच्या पुढे, मधोमध घुसलो. विहिरीत पोहणाऱ्याची खोड असते ना, मान वर काढून दणादण हात मारायचे, तसाच निघालो. पहिल्या पन्नास मीटरमध्येच कुणाची तरी टाच चष्म्यावर बसली. चष्म्यात पाणी शिरलं. खाली बघतो तर नुसतं गढूळ हिरवं, तळ नाही. बाजूला बघतो तर भिंत नाही. छातीवर कुणी पोतं ठेवलंय असं वाटलं. श्वास घेतोय, घेतोय, पण पुरतच नाही. शेवटी बचावाच्या कयाकला, म्हणजे छोट्या होडीला, हात घातला आणि लोंबकळत राहिलो. शरमेनं मान खाली. कयाकवरचा पोरगा तुझ्याच वयाचा असेल. म्हणाला, ‘काका, धरून ठेवा, चालतं. फक्त होडीनं तुम्हाला पुढे न्यायचं नाही, एवढाच नियम.’ तो नियम मला माहीतच नव्हता. मला वाटलं होतं, धरलं की बाद. दोनेक मिनिटं तिथेच दम खाल्ला, मग उताणा झालो, मग हळूहळू निघालो. शेवटून आठवा की नववा बाहेर आलो.

नंतर एका जाणत्या प्रशिक्षकानं समजावलं तेव्हा उलगडा झाला. दम लागतो तो श्वास कमी घेतल्यानं नाही, आतला पुरता न सोडल्यानं. घाबरलेला माणूस छातीत हवा कोंडून ठेवतो आणि वरून आणखी भरायला जातो. म्हणून तोंड पाण्यात असताना नाकातोंडातून सतत बुडबुडे सोडायचे. मान वळवली की हवा आपोआप आत येते. आणि मान वर काढून पोहलं की कंबर-पाय खाली जातात, म्हणजे तू पुढे जाण्याऐवजी स्वतःलाच ओढत बसतोस. या दोन सवयी मोडायला मला तीन महिने लागले. तुझ्याकडे डिसेंबरपर्यंत तेवढेच आहेत. वय तुझ्या बाजूनं आहे, पण सवय जुनी आहे, हे विसरू नकोस.

तर पोहणं आठवड्यातून तीनदा, तरणतलावावर. २५ मीटरचा तलाव असेल तर ७५० मीटर म्हणजे तीस फेऱ्या. पहिल्या आठवड्यात सलग चार झाल्या तरी पुष्कळ. वेळ बघू नकोस. सलग किती झाल्या तेवढंच वहीत लिही. दहा-बारा फेऱ्या आरामात जमायला लागल्या की मधूनमधून डोळे मिटून सहा-सात हात मार आणि उघडून बघ, कुठे सरकलास. जवळजवळ प्रत्येकजण एका अंगाला सरकतो. तलावाच्या तळाला रेघ असते, धरणात ती नसते. म्हणून दर आठ-दहा हातांनी डोळे तेवढे पाण्यावर काढून पुढचा बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, बघायचा. सगळं डोकं नाही, म्हैस डुंबताना बघते ना, तेवढंच.

आणि एक गोष्ट अजिबात विचारायची नाही, ऐकायची. सरावासाठी तापीत, गिरणेत, हतनूरच्या पाण्यात किंवा पाटात एकट्यानं उतरायचं नाही. मित्र काठावर बसलाय म्हणजे सोबत आहे असंही नाही. ज्याला पोहता येतं आणि ज्याच्याकडे दोर किंवा ट्यूब आहे असा माणूस पाण्यात बरोबर हवा. पट्टीचे पोहणारे गेलेले मी पाहिलेत.

शर्यतीच्या दिवशी मागे आणि कडेला उभा राहा. भोंगा वाजल्यावर मनात पंधरापर्यंत मोज, मग निघ. पंधरा सेकंदांनी तुझं काही बिघडत नाही, लाथा मात्र चुकतात. डिसेंबरात पहाटेचं पाणी गार लागेल, पहिल्या मिनिटाला धाप लागल्यासारखं होईल. ते सगळ्यांनाच होतं आणि ओसरतं. आयोजक परवानगी देत असतील तर आधीच पाण्यात उतरून तोंड बुडवून बुडबुडे सोडून घे. तरी मध्येच जीव घाबरला तर उताणा हो, नाहीतर कयाक धर. शरम वाटून घेऊ नकोस, मी दोघांच्या वाटची वाटून घेतलीय.

पोहणं सगळ्यात आधी का, असं तू विचारशीलच. थकलेला माणूस रस्त्यावर बसू शकतो, पाण्यात बसू शकत नाही, हे त्याचं साधं कारण. गंमत म्हणजे सुरुवातीला असं नव्हतं. १९७४ च्या २५ सप्टेंबरला अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथे ४६ जणांनी पहिल्यांदा या नावाची शर्यत केली, तेव्हा आधी पळाले होते. सिडनीत २००० साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल आणि १० धावणं असा. तुझी स्प्रिंट त्याच्या बरोबर निम्मी : ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटर.

आता सायकल. नवी घेऊ नकोस. तुझ्या मामेभावाची गिअरची सायकल ओट्यावर धूळ खात पडलीय, ती मागून आण. ब्रेक, चेन, केबल दुरुस्त करून घे; टायर जाड खाचांचे असतील तर गुळगुळीत घाल. सीटची उंची अशी ठेव की टाच पॅडलवर ठेवली की खालचा पाय सरळ होईल. वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट आणि पोहण्याचा बरा चष्मा घे. बस.

सरावाला महामार्ग नको. यावल-फैजपूर-रावेरच्या रस्त्यावरही केळीचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यापेक्षा सातपुड्याच्या पायथ्याचे गावरस्ते बरे. पण तिथे बाभळीचे काटे. पंक्चर झालं की नुसती ट्यूब बदलून निघू नकोस. टायरच्या आतून बोट हळू फिरवून काटा शोध, नाहीतर दहाव्या मिनिटाला पुन्हा खाली बसशील. हे काम दहा-बारा वेळा घरीच कर. शर्यतीत बाहेरच्या कुणाची मदत चालत नाही, पंक्चर स्वतःच काढावं लागतं. बहुतेक हौशी शर्यतींत दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा चुकवणंही चालत नाही. किती अंतर ठेवायचं ते आदल्या दिवशीच्या ब्रीफिंगमध्ये सांगतात. ते ब्रीफिंग चुकवून चहाला जाणारे दर वर्षी असतात.

मी रेल्वेच्या यार्डात पॉइंट्समन म्हणून लागलो तेव्हा एक जुना माणूस म्हणायचा, डबा सहसा तुटत नाही, गाडी तुटते ती कपलिंगला, दोन डब्यांच्या जोडाला. ट्रायथलॉनचं तसंच आहे. पोहणं, सायकल, धावणं हे तीन डबे तुझ्याकडे बरे-वाईट आहेतच. मधली दोन कपलिंग कुणी शिकवत नाही. पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून पायांवर जाण्याची ही जागा, तिला ट्रान्झिशन म्हणतात.

पहिल्या शर्यतीत मी माझी सायकल लक्षात ठेवली होती ती शेजारच्या लालभडक सायकलीवरून. पाण्यातून आलो तर लाल सायकल गायब! तिचा मालक माझ्या आधी येऊन निघून गेला होता. ओल्या चड्डीत मी रांगा मोजत फिरतोय आणि बाहेरून माझी बायको ओरडतेय, ‘इकडे, इकडे!’ म्हणून खूण अशी धर जी जागची हलणार नाही. एखादा खांब, झाड, कमान. आणि सकाळीच पाण्यापासून सायकलपर्यंत दोनदा चालून बघ.

सामान मोजकं ठेव. छोटा टॉवेल, त्यावर बूट, बुटात थोडी पावडर, नंबरचा पट्टा. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे मोकळे. पाण्यातून आलास की आधी हेल्मेट घालून त्याचा पट्टा लाव, मगच सायकलला हात. परत आल्यावर आधी सायकल स्टँडला लाव, मगच पट्टा सोड. घाईत हे उलटं झालं तर दंड होतो, कधी बादही करतात. ट्रान्झिशनच्या आत सायकलवर बसायचं नाही, हाती धरून पळायचं. जमिनीवरची रेघ ओलांडली की बसायचं आणि येताना रेघेच्या आधी उतरायचं. अंगणात चुन्यानं रेघ मार आणि रोज पाच वेळा कर. आई हसेल, हसू दे.

दुसरं कपलिंग पायांचं. सायकलवरून उतरून पळायला लागलास की पाय तुझे नसल्यासारखे वाटतील, लाकडी. तासभर मांड्यांनी गोल फिरायचं काम केलेलं असतं, त्यांना एकदम पळ म्हटलं की गोंधळ होतो. शेवटच्या किलोमीटरला हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवले तर थोडं सोपं जातं, पण खरा इलाज सरावाचाच. आठवड्यातून एकदा तासभर सायकल आणि उतरल्या उतरल्या दहा मिनिटं पळणं. याला ब्रिक म्हणतात. मी सायकल शेताच्या बांधाला टेकवून पळत सुटायचो तेव्हा वाटेवरचे म्हातारे विचारायचे, ‘कथा जाई ऱ्हायना रे भो?’ म्हणजे कुठे चाललास रे भाऊ? सायकल टाकून माणूस पळतोय म्हणजे घरी काहीतरी झालं असणार, असं त्यांना वाटायचं. ब्रिक धरून सायकल आणि धावणं दोन-दोनदा पुरे, आणि एक दिवस पूर्ण आराम. ऑक्टोबरचा चटका आपल्याकडे काय असतो ते तुला सांगायला नको. सकाळी सातच्या आत घरी.

खाण्याबद्दल जास्त सांगत नाही. आदल्या रात्री शेवभाजी नको, कळण्याची भाकरी आणि ठेचाही नको. वरण-भात खा आणि झोप. सकाळी दोन-अडीच तास आधी थोडे पोहे किंवा केळं. दीड-दोन तासांच्या शर्यतीला पोटात तेवढं पुरतं. सायकलवर एक बाटली पाणी ठेव. शर्यतीच्या ठिकाणी कुणी ताकदीसाठी खायच्या रंगीत जेलची पुडी हातात दिली तर घरी घेऊन ये. मी तिथेच फोडून खाल्ली होती आणि शेवटचे दोन किलोमीटर शौचालय शोधत पळालो.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला माझ्याकडे ये, आपण तलावावर जाऊ. त्या दिवशी फक्त बुडबुडे सोडायचे, एकही फेरी मारायची नाही. मामेभावाच्या सायकलीचा पंप तपासून आण, आमच्याकडचा वॉशर गेलाय. आणि येताना घरची केळी आण. घडातली वरच्या फण्यांची, अजून थोडी हिरवट असलेली. पिवळीधमक आणलीस तर तुझी काकू रस्त्यातच संपवेल.

तुझा,
नाना