सळई छापायचीय, मग सिव्हिल कशाला?

(नाशिकच्या अंबडहून एका वडिलांचं पत्र: "माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला. प्रोजेक्ट घेतेय थ्रीडी प्रिंट केलेल्या सळईचा. हे तर मेकॅनिकलवाल्यांचं काम. तिची शाखा चुकली का?")

नमस्कार. शाखा अजिबात चुकलेली नाही. गंमत अशी, की ती ज्याला प्रिंटिंग म्हणते ते तुमच्याच घरचं काम आहे. सीओटू वेल्डिंगची गन रोबोच्या हातात द्यायची आणि तार वितळवून थरावर थर चढवायचा. ॲमस्टरडॅमला २०२१ मध्ये खुला झालेला स्टीलचा पादचारी पूल असाच घडलाय.

सिव्हिलचा प्रश्न पुढे सुरू होतो: काँक्रीट अशा सळईला धरून ठेवेल का? गुळगुळीत सळईला काँक्रीट नुसतं चिकटतं, थोडं घर्षण होतं, संपलं. टीएमटीच्या, म्हणजे बांधकामातल्या नेहमीच्या सळईच्या, रिब्समागे (अंगावरच्या उंचवट्यांमागे) ते अडकून बसतं. म्हणून काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ हे एम २० प्रतीच्या काँक्रीटमध्ये साध्या सळईची पकड १.२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरतं, रिबवाल्या सळईला ६० टक्के जास्त. छापलेल्या सळईवर मुद्दाम रिब्स काढल्या नाहीत तरी दर थराची कड जराशी फुगलेली असते, बोट फिरवलं तर खडबड लागते. त्या फुगवट्यांची उंची नि अंतर किती, यावर पकड ठरते. पण फुगवटा फार मोठा झाला तर तो पाचरीसारखा काँक्रीटला बाहेर रेटतो आणि कव्हर (सळईवरचं काँक्रीटचं आवरण) उभं चिरतं. हे गणित सिव्हिलवालीच सोडवणार.

प्रोजेक्टला रोबो नको. १६ मिमीची साधी सळई घ्या. टीएमटी नको, वेल्डच्या उष्णतेने तिचा बाहेरचा कडक थर मऊ पडतो. तुम्ही स्वतः तिच्यावर ठरावीक अंतराने वेल्डची कडी ओढा. ही खरी छापलेली सळई नव्हे, फक्त तिच्या पृष्ठभागाची नक्कल, हे रिपोर्टात लेकीने स्पष्ट लिहावं. मग सळई ओढून पकड मोजायच्या चाचणीचं मानक आयएस २७७० प्रमाणे सळई रोवलेला काँक्रीटचा १५० मिमीचा क्यूब, आत तारेचं स्पायरल, २८ दिवस क्युरिंग आणि कॉलेजच्या यूटीएमवर (ओढून-दाबून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ओढ. सळई किती सरकली ते दाखवणाऱ्या डायल गेजवर लेकीची एक मैत्रीण फक्त त्याच कामाला बसवा. सळई सरकायला लागते तो आकडा महत्त्वाचा, आणि पोरं नेमकी तेव्हा मोबाइलवर शूटिंग करत असतात.

नोकरीचं सरळ सांगतो. छापलेल्या सळईची नोकरी आज नाशकात नाही. पण स्ट्रक्चरल डिझाइन आणि मटेरियल टेस्टिंगच्या मुलाखतीत हा प्रोजेक्ट कामी येईल. हाच विषय पुढे न्यायचा असेल तर गेट देऊन स्ट्रक्चरलमध्ये एमटेक करावं. दिंडोरी रोडवरची मेरीची (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेची) प्रयोगशाळा बघायला मिळते का, ते गाइडना विचारायला सांगा.

आणि तुम्ही कडी ओढताना तारेची जाडी नि अँपिअर वहीत टिपून ठेवा. परीक्षक पहिलं तेच विचारतील.