जुन्या जीपला क्लचचं लिंकेज कोणतं बसवावं: गजाचं, केबलचं की हायड्रॉलिक?

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: शिरपूरला घेतलेल्या जुन्या सीजे जीपचं क्लच पेडल जड झालंय, मूळ गजाचं लिंकेज (पेडलपासून क्लचपर्यंतची जोडणी) खडखडतंय. एक मिस्तरी केबल टाका म्हणतो, दुसरा हायड्रॉलिक. आणि गाडी शेतातही न्यायची आहे, सातपुड्यातही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इंजिन-गिअरबॉक्स मूळचे असतील तर गजाचंच लिंकेज नवं करून घ्या. इंजिन बदललेलं असेल आणि जुने गज सरळ रेषेत बसतच नसतील, तर हायड्रॉलिक करा, पण स्लेव्ह सिलेंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सकडचा) बाहेरून बसणारा घ्या. केबल तिसऱ्या नंबरावर.

मात्र एक रुपयाही खर्च करण्याआधी पेडल जड का झालंय ते शोधा. फोर्ककडे (क्लच सोडवणाऱ्या दांड्याकडे) जाणारा गज सोडा आणि पेडल हाताने दाबा. तरीही अडतंय? मग दोष पेडलच्या शाफ्टमध्ये किंवा पेडलची हालचाल फोर्ककडे नेणाऱ्या मधल्या आडव्या नळीत आहे. पेडल मोकळं झालं, तर दोष पुढे आहे: फोर्क घासलाय, रिलीज बेअरिंग (फोर्क ज्याला पुढे ढकलतो ते) ज्या स्लीव्हवर सरकतं तिला खाच पडलीय, किंवा क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेटच गेलीय. अशा वेळी हायड्रॉलिक बसवलं तर पायाला हलकं लागेल, पण आतला बिघाड तसाच वाढत राहील आणि शेवटी गिअरबॉक्स उतरवावाच लागेल.

आता गजाच्या लिंकेजबद्दल. त्या आडव्या नळीचं एक टोक चेसिसला असतं, दुसरं इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूला. खडकाळ वाटेवर चेसिस पिळते आणि इंजिन आपल्या रबरांवर हलतं, म्हणजे नळीची दोन टोकं वेगवेगळी हलतात. माउंटिंगची रबरं कुजलेली असतील तर चढावर पेडल पायाखाली आपोआप मागेपुढे होतं, क्लच थरथर धरतो, आणि लोक क्लच प्लेटला दोष देतात. म्हणून माउंटिंग आधी बदला, लिंकेज नंतर.

दुसरा शत्रू म्हणजे आपली काळी माती. पावसाळ्यात ती सांध्यात घुसते, वाळली की दगडासारखी होते आणि पिन कुरतडत बसते. पिन काढून बघा, एका बाजूने चपटी झालेली दिसेल आणि भोक लांबट. प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर ढिलाई धरली तरी सहा सांध्यांत तीन झाली, आणि पेडलपाशी ती लिव्हरच्या प्रमाणात कित्येक पट होऊन येते. उपाय महाग नाही. टर्नरकडून भोक गोल करून गनमेटलचा बुश, नवी पिन, आणि जमेल तिथे ग्रीस निपल. लांबट भोक वेल्डिंगने भरून अंदाजाने ड्रिल मारू देऊ नका, रेष चुकली की गज तिरका ओढतो. पेडलला पाऊण ते एक इंच मोकळी चाल ठेवा. अजिबात नसेल तर बेअरिंग सतत फिरत राहतं आणि घाटात क्लच घसरतो. फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर करकरतो.

मी गजाच्या बाजूने आहे त्याचं खरं कारण सातपुड्यातले धडगाव-तोरणमाळकडचे रस्ते. तिथे स्प्लिट पिन तुटली तर जाडसर तार वाकवून गाडी खाली येते. स्लेव्हचं रबर फाटलं तर तारेने काही होत नाही.

हायड्रॉलिकचे फायदे नाकारत नाही. पेडल हलकं होतं आणि इंजिन हललं तरी क्लचला फरक पडत नाही. पण मापं जुळवल्याशिवाय घेऊ नका. मास्टर (पेडलकडचा सिलेंडर) ३/४ इंची आणि स्लेव्ह ७/८ इंची असेल, तर क्षेत्रफळाचं प्रमाण १.३६ पडतं. म्हणजे मास्टर ३० मिलिमीटर सरकला की स्लेव्ह २२ सरकणार. फोर्कला किती चाल लागते ते आधी मोजा, मग सिलेंडर निवडा. पेडलला स्टॉपर द्या, नाहीतर प्रेशर प्लेट गरजेपेक्षा जास्त दाबली जाते. मास्टर ज्या पत्र्यावर बसेल त्यामागे जाड प्लेट लावा. जुना पत्रा दाबाने फुगतो आणि चाल तिथेच खर्च होते.

पाइप सायलेन्सरपासून लांब न्या. जळगाव-भुसावळचा मे महिना, वरून लो गिअरमध्ये तापलेलं इंजिन. या क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं: ताजं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. म्हणून डॉट ४ घ्या आणि दोन वर्षांनी बदला. इंजिन ऑइल त्यात चुकूनही टाकू नका, रबरं फुगतात. बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) आत बसणारा स्लेव्ह कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. गळती लागली की दर वेळी गिअरबॉक्स खाली.

केबल स्वस्त आहे, बसवायला सोपी आहे. तिला मोठं, सैल वळण हवं, आणि एक जास्तीची गाडीत हवी. केबल टाकलीच, तर इंजिन ते चेसिस अर्थिंगची पट्टी तपासा. ती तुटलेली असेल तर स्टार्टरचा करंट केबलमधून परततो आणि आतलं आवरण जळून केबल जाम होते. मग नवी केबलही तशीच जाते.

काहीही बसवलं तरी शेवटी दोन चाचण्या करा. गाडी स्लोवर, पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. करकरला तर क्लच अजून पूर्ण सुटत नाही. मग चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस द्या. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मागे राहिली, तर मोकळी चाल कमी पडतेय, किंवा प्लेट संपलीय. दोन्ही ठीक निघालं की मगच लॉकनट कसा आणि स्प्लिट पिना वाकवा.