अभ्यासिकेतील तसबीर हलवावी का?

प्रश्न : पुण्यातील एका पेठेत आमचे सार्वजनिक वाचनालय असून मी त्याच्या कार्यकारी मंडळाचा सदस्य आहे. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलींसाठी अभ्यासिका चालते. तेथे लोकमान्य टिळकांची मोठी तसबीर असून दर 1 ऑगस्टला तिला हार घातला जातो. टिळकांनी मुलींच्या शिक्षणाबाबत घेतलेल्या भूमिकेचा दाखला देऊन काही मुलींनी ही तसबीर तेथून हलवावी, असा लेखी अर्ज दिला आहे. ज्येष्ठ सभासदांच्या मते पुण्यात असा विचार करणे हाच कृतघ्नपणा आहे. आता बाहेरच्या एका संघटनेनेही यात उडी घेतली आहे. मंडळाने काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुलींचा अर्ज वस्तुस्थितीला धरून आहे, हे मंडळाने आधी मान्य करावे. 1884 साली सुरू झालेल्या हुजूरपागेच्या मुलींच्या शाळेतील अभ्यासक्रमावर टिळकांच्या वृत्तपत्रांनी कडक टीका केली होती आणि मुलींच्या शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारा वर्षे करणाऱ्या 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यालाही टिळकांनी विरोध केला होता. परक्या सरकारने आमच्या सामाजिक चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, ही त्या विरोधामागील त्यांची भूमिका होती आणि तीही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मात्र तिच्यामुळे मुलींचा आक्षेप खोटा ठरत नाही. त्याच टिळकांना 1908 साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मंडालेच्या तुरुंगात भोगली, हेही तितकेच खरे आहे. ज्येष्ठांची कृतज्ञता त्यातून आलेली आहे आणि तिचा मान राखला गेला पाहिजे.

एखादी व्यक्ती वादग्रस्त आहे, एवढ्यावरून तिचे स्मारक ठेवावे की हटवावे याचा निर्णय होऊ शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आज ज्यांच्या नावाने आपण विद्यापीठे ओळखतो ती माणसे त्यांच्या काळात याच शहरात कमालीची वादग्रस्त होती. ब्राह्मणेतर चळवळीचे नेते केशवराव जेधे यांनी 1925 साली पुणे नगरपालिकेत जोतीराव फुले यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा शहरात केवढे वादळ उठले आणि तो प्रस्ताव फेटाळला गेला. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांची तर ते हयात असतानाच प्रेतयात्रा काढण्यात आली. आपली मंडई पाहावी. 1886 साली बांधून झालेल्या त्या इमारतीला गव्हर्नर रे यांचे नाव होते. तिच्यावरील खर्चाला नगरपालिकेचे सभासद या नात्याने फुल्यांनी विरोध केला होता, कारण तो पैसा शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे म्हणणे होते. आज त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचे नाव आहे आणि समोर टिळकांचा पुतळा उभा आहे. भाजी घ्यायला येणारा पुणेकर रोज त्या दोघांमधून वाट काढतो आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. या दोघांच्या नात्यातही नुसता विरोध नव्हता. 1882 च्या कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणांवरील लिखाणावरून, टिळक आणि आगरकरांवर बदनामीचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी फुल्यांचे स्नेही रामशेठ उरवणे पुढे आले होते.

मग मंडळाने कसोटी कोणती लावावी? आपण ही तसबीर कोणत्या कार्याच्या गौरवासाठी लावली आहे आणि त्या कार्याचा या जागेशी काय संबंध आहे, हे दोन प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. स्मारक म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे, तो सन्मान असतो. त्यामुळे तसबीर हलवल्याने इतिहास पुसला जातो, हे म्हणणे मला पटत नाही. मंडईत, केसरीवाड्यात किंवा वर्तमानपत्रे वाचायला लोक जेथे बसतात त्या दालनात टिळकांचा सन्मान सर्वथा उचित आहे. मुली ज्या शिक्षणासाठी रात्री उशिरापर्यंत बसतात, त्यालाच ज्यांनी आक्षेप घेतला त्यांच्या तसबिरीखाली त्यांना बसवणे मात्र असमंजसपणाचे आहे, विशेषतः त्यांनी ते स्वतः लिहून कळवल्यानंतर.

म्हणून तसबीर खालच्या वृत्तपत्र विभागात सन्मानाने लावावी, असे मी सुचवतो. तिच्याखाली पाटी हवी आणि तीत दोन्ही बाजू याव्यात. उदाहरणार्थ : ‘बाळ गंगाधर टिळक (1856–1920). केसरीचे संपादक, 1908 साली राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षे मंडाले येथे कारावास. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला आणि मुलींच्या तत्कालीन उच्च शिक्षणक्रमाला त्यांचा विरोध होता.’ ‘थोर देशभक्त’ यांसारखी विशेषणे टाळावीत. अभ्यासिकेच्या भिंतीवर काय असावे हे मुलींनाच ठरवू द्यावे. भिंत काही दिवस रिकामी राहिली तरी बिघडत नाही.

निर्णय कसा घेतला जातो, याला मात्र मी निर्णयाइतकेच महत्त्व देतो, कारण पुण्याने याबाबतीत वाईट पायंडे पाहिले आहेत. लालमहालातील दादोजी कोंडदेवांचा पुतळा डिसेंबर 2010 मध्ये महापालिकेच्या ठरावानंतर हटवण्यात आला खरा, पण तेही पोलिसांच्या बंदोबस्तात आणि अंधारात. दादोजी शिवाजी महाराजांचे गुरू होते की नाही, हा कागदपत्रांच्या आधारे चर्चिण्याचा प्रश्न होता आणि ती चर्चा जाहीरपणे झाली असती तर कटुता कितीतरी कमी झाली असती. जानेवारी 2017 मध्ये संभाजी उद्यानातील राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा तर उखडून थेट मुठेत टाकला गेला. त्यांच्या नाटकातील संभाजी महाराजांच्या चित्रणावर आक्षेप घेण्याचा अधिकार प्रत्येकाला होता आणि आहे, पण सार्वजनिक वस्तू उखडण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

तेव्हा आधी जुनी इतिवृत्ते काढून तसबीर कोणी, केव्हा आणि कोणत्या ठरावाने लावली, ते पाहावे. ती देणगीदाखल आली असल्यास देणगीदाराच्या कुटुंबीयांना कळवावे. मुलींचा अर्ज आणि ज्येष्ठांचे म्हणणे, दोन्ही सूचनाफलकावर लावून सर्वसाधारण सभा बोलवावी आणि अर्जदार मुली वाचनालयाच्या सभासद नसल्या तरी त्यांना तेथे बोलण्याची संधी द्यावी. बाहेरच्या संघटनेला सभेत स्थान नाही, तसे तिला लेखी कळवावे आणि धमकीची भाषा आली तर ते पत्र त्याच दिवशी पोलीस ठाण्यात द्यावे. ठराव काहीही झाला तरी त्याची अंमलबजावणी दिवसा, वाचनालय उघडे असताना करावी.