चंद्राची बाजू 'काळी' की 'अंधारी'?

प्रश्न असा आहे: पिंक फ्लॉइड या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमबद्दल मराठीत लिहिताना नावाचा अर्थ 'चंद्राची काळी बाजू' असा दिला तर चालेल का?

माझं मत 'अंधारी बाजू' असं आहे, आणि ते ठाम आहे.

'काळी खोली' म्हटलं की भिंती काळ्या रंगवलेली खोली डोळ्यांसमोर येते. 'अंधारी खोली' म्हटलं की आत उजेड नाही एवढंच कळतं. दिवा लावला की तीच खोली उजळते. काळेपणा वस्तूच्या अंगचा असतो, अंधार उजेडावर अवलंबून असतो. शिवाय मराठीत 'काळं' फार लवकर पापाकडे झुकतं. काळा पैसा, काळा बाजार, काळी कृत्यं. एखाद्या धंद्याची 'काळी बाजू' म्हटली की आत लबाडी असणार हे आपण वाचायच्या आधीच धरून चालतो. या अल्बममध्ये तसलं काही नाही. काळ हातातून निसटणं, पैसा, मरण, माणसामाणसांतली फूट आणि डोक्यावरचा ताबा सुटणं, हे त्याचे विषय आहेत.

ताबा सुटण्याचा धागा तर नावातच आहे. अल्बम बाजारात आला 1973 च्या मार्चमध्ये, पण त्याच्या वर्षभर आधीपासूनच बँड ही रचना मंचावर सादर करत होता. तेव्हा नावापुढे 'नानाविध वेड्यांसाठी एक रचना' अशा अर्थाची ओळ होती. तिथे वेड्यांसाठी वापरलेला शब्द होता 'लुनॅटिक', म्हणजे लॅटिन 'लुना', चंद्र, यापासून आलेला. बँडचा पहिला गीतकार सिड बॅरेट मनाचा तोल ढळल्यामुळे 1968 मध्ये बाहेर पडला होता आणि त्याची आठवण या अल्बमची गीतं लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सच्या शब्दांमागे आहे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. 'अवसे-पुनवेला त्याचं बिघडतं' हे गावोगावी बोललं जातं, आणि पुरुषसूक्तात तर चंद्र विराट पुरुषाच्या मनापासूनच जन्मला आहे.

इथे 'अंधार' हा शब्द किती कामाचा आहे पाहा. 'मला अंधारात ठेवलं' म्हणजे कळू दिलं नाही. 'डोळ्यांपुढे अंधारी आली' म्हणजे भान हरपू लागलं. उजेड नसणं, माहीत नसणं आणि शुद्ध जाणं, तिन्ही छटा एका शब्दात. इंग्रजी 'डार्क'चं ओझं 'काळी'ला पेलत नाही, 'अंधारी'ला पेलतं.

आता खगोलाचं. चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, म्हणून दुसरी कायम अंधारात असते असा समज आहे. तो चूक आहे. देवाला प्रदक्षिणा घालताना आपलं उजवं अंग सतत देवाकडे असतं, डावं त्याला कधीच दिसत नाही. पण दिवा मंडपाबाहेर एका बाजूला ठेवलेला असेल तर फिरता फिरता त्या डाव्या अंगावरही उजेड पडतोच. चंद्राचं नेमकं तसंच आहे. दोन्ही बाजूंना साधारण चौदा-चौदा दिवस ऊन मिळतं. सोव्हिएत 'लुना 3' यानाने 1959 मध्ये त्या न दिसणाऱ्या बाजूची पहिली छायाचित्रं पाठवली. विज्ञानलेखात म्हणूनच 'पलीकडची बाजू' लिहावं, तिथे 'अंधारी'ही नको. अल्बमच्या नावात मात्र 'अंधारी'च हवं, कारण तिथे चंद्र मनाचा आहे.

लिहिताना मूळ नाव देवनागरीत ठेवा, अर्थ एकदाच द्या आणि पुढे नुसतं 'हा अल्बम' म्हणा. विशेषनामाचं भाषांतर प्रत्येक वाक्यात ओढत नेऊ नये. (तबकडीच्याही 'बाजू'च असतात. या अल्बमच्या दोन बाजूंवर पाच-पाच रचना आहेत, त्यामुळे 'दुसऱ्या बाजूला' लिहाल तेव्हा चंद्राची की तबकडीची ते स्पष्ट करा.)

शेवटच्या गाण्याचं नाव 'एक्लिप्स', म्हणजे ग्रहण. सूर्याखाली सगळं सुरात आहे, पण सूर्यालाच चंद्राने झाकलं आहे, असा त्याचा शेवट. मग हृदयाचे ठोके उरतात आणि त्यांत एक आवाज ऐकू येतो. अल्बम जिथे ध्वनिमुद्रित झाला त्या अ‍ॅबी रोड स्टुडिओच्या दरवानाचा, जेरी ओड्रिस्कॉल यांचा. ते म्हणतात, चंद्राला अंधारी बाजू अशी काही नसतेच, खरं तर सगळाच अंधार आहे. 'काळी बाजू नसतेच, सगळंच काळं आहे' असं करून पाहा, वाक्य लगेच मरतं. आणि सूर्यग्रहण अमावास्येलाच लागतं. त्या घटकेला आपल्याकडची बाजू अंधारात असते आणि चंद्राची ती न दिसणारी बाजू उन्हात पूर्ण उजळलेली असते.