यंत्र प्रयोगशाळेत धावते, मैदानात अडते

महाविद्यालयांतील रोबोटिक्स क्लब आणि त्यांचे स्पर्धेचे संघ यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचा संघ यंदा राज्याबाहेरच्या एका स्पर्धेत उतरला होता. कॉलेजमध्ये सराव करताना यंत्र जवळजवळ प्रत्येक फेरी पूर्ण करीत असे. स्पर्धेत मात्र ते धावता धावता थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले आणि पुढच्या फेरीत मैदानावर आखलेली रेषा सोडून भरकटले. प्रोग्राम अनेकदा तपासला, चूक सापडत नाही. — तृतीय वर्षाचा विद्यार्थी, फोंडा

उत्तर : आपण सांगितलेले दोष दोन आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि त्यांपैकी एकही बहुधा प्रोग्राममधला नाही. यंत्र मध्येच थांबून पहिल्यापासून सुरू होते, तेव्हा मायक्रोकंट्रोलरला (यंत्राचे नियंत्रण करणाऱ्या चिपला) मिळणारा विद्युतदाब क्षणभर घसरून तो रिसेट झाला असण्याची शक्यता सर्वांत आधी तपासावी. डीसी मोटर थांबलेल्या अवस्थेतून सुटताना किंवा अडकून पडली असताना एरवीच्या कित्येक पट प्रवाह खेचते; चारही मोटरा एकदम उलट फिरवल्या तर त्या क्षणी बॅटरीचा दाब खाली बसतो आणि त्याच बॅटरीवर चालणारा कंट्रोलर उपाशी राहतो. तीन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा दाब पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट आणि नाममात्र ११.१ व्होल्ट असतो. कॉलेजमध्ये आपण ताज्या बॅटरीवर सराव करता. स्पर्धेत तपासणीच्या रांगेत यंत्र बराच वेळ चालू राहते आणि प्रत्यक्ष फेरीच्या वेळी बॅटरी अर्धी उतरलेली असते. यंत्रावर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवला असेल तर त्याला ५ व्होल्ट लागतात, आणि दाब सुमारे ४.६ व्होल्टच्या खाली गेला की तो कमी दाबाची सूचना देऊ लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

ही घसरण साध्या मल्टिमीटरवर बहुधा दिसत नाही, कारण ती काही मिलिसेकंदांत येऊन जाते. प्रयोगशाळेतील ऑसिलोस्कोप (बदलता दाब पडद्यावर रेषेने दाखवणारे उपकरण) कंट्रोलरच्या पुरवठ्यावर लावून, चाके हवेत न ठेवता जमिनीवर टेकवून, मोटरा झटक्याने उलट फिरवून पाहाव्यात. दोष तिथेच असला तर पडद्यावरची रेषा त्या क्षणी खाली गेलेली दिसेल. उपायही साधे आहेत. कंट्रोलरसाठी स्वतंत्र बक कन्व्हर्टर (बॅटरीचा दाब उतरवून स्थिर देणारे सर्किट) द्यावा, मोटरांच्या वायरी जाड आणि आखूड ठेवाव्यात, सर्व ग्राउंड (ऋण बाजूच्या जोडण्या) एकाच ठिकाणी जोडावेत, पुरवठ्यावर पुरेसा कपॅसिटर लावावा आणि प्रोग्राममध्ये मोटरांचा वेग एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने बदलावा. ब्रेडबोर्ड (डाग न देता भाग खोचण्याचा फलक) आणि त्यात खोचायच्या जम्पर वायरी हा प्रकार शिकण्यापुरता ठीक आहे, पण स्पर्धेच्या यंत्रावर त्यांना जागा नाही. प्रवासातील हादऱ्यांनी त्या इतक्याशाच सैल होतात की हात लावला की यंत्र चालते आणि हात काढला की बंद पडते. निम्मे संघ प्रोग्रामला दोष देत बसतात ते याच वायरींपायी.

रेषा सोडण्याचे कारण प्रकाशात असावे. रेषा ओळखणारे इन्फ्रारेड सेन्सर परावर्तित प्रकाश मोजतात आणि सूर्यप्रकाशात किंवा चित्रीकरणाच्या दिव्यांत इन्फ्रारेड किरण भरपूर असतात. कॉलेजच्या ट्यूबलाइटखाली ठरवलेला काळे-पांढरे वेगळे ओळखण्याचा आकडा आपण प्रोग्राममध्ये कायमचा लिहून ठेवला असेल, तर तो परक्या सभागृहात उपयोगी पडणार नाही. यंत्रावर एक बटण ठेवावे. ते दाबल्यावर यंत्राने रेषेवरून दोन्ही बाजूंना फिरून प्रत्येक सेन्सरचे किमान आणि कमाल वाचन नोंदवावे आणि त्यावरून सीमा स्वतः ठरवावी. सेन्सरपट्टीभोवती काळ्या कार्डबोर्डची झालर लावली तरी पुष्कळ फरक पडतो.

आपल्याकडील दमट हवेचाही विचार करावा. जून ते सप्टेंबर या काळात गोव्यातील प्रयोगशाळेत उघड्यावर राहिलेल्या कनेक्टरांवर हिरवट थर चढतो, स्क्रू गंजतात आणि थ्रीडी प्रिंटरच्या फिलामेंटची (छपाईच्या प्लास्टिक तारेची) रिळे ओलावा शोषतात. असे फिलामेंट छापताना तडतडते आणि तयार झालेला भाग कमजोर निघतो. रिळे आणि सर्किट बोर्ड घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत. पीएलए या प्लास्टिकचे छापलेले भाग मात्र उन्हात बंद मोटारीत ठेवू नयेत, कारण सुमारे ६० अंश सेल्सिअसला ते मऊ पडून वाकतात.

एवढे सगळे करूनही खरा प्रश्न उरतो तो वेळेचा. स्पर्धेपूर्वी किमान तीन आठवडे यंत्रात नवे काही जोडणे थांबवावे आणि तो वेळ केवळ फेऱ्यांसाठी ठेवावा : अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर, दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून, आणि ज्याने यंत्र बांधले त्याच्याऐवजी दुसऱ्याच सदस्याच्या हाताने. अखेरच्या रात्री बसवलेली, वस्तू उचलणारी नवी पकड पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलेली बरी.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री उशिरापर्यंत तो क्लबमध्ये असतो आणि गेल्या सत्रात त्याला एका विषयात केटी लागली. हे सारे नोकरीसाठी उपयोगी पडते असे तो म्हणतो. त्याला अडवावे का? — एक आई, डिचोली

उत्तर : अडवू नये, परंतु त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. संघातील नेमके कोणते काम तुझ्याकडे आहे, आणि ते तू मला समजेल असे सांगू शकतोस का? यंत्राचा सांगाडा, मोटरांचे नियंत्रण, वायरिंग, सुट्या भागांची खरेदी आणि हिशेब यांपैकी एखादी गोष्ट तो जबाबदारीने पार पाडीत असेल, तर वर्गात फळ्यावर शिकलेली नियंत्रणप्रणाली त्याच्या हातून प्रत्यक्ष घडते आहे आणि मुलाखतीत त्याविषयी तो बोलू शकेल. उत्तर गोलमाल आले, तर तो केवळ मित्रमंडळीत बसतो असे समजावे. सहभागाच्या प्रमाणपत्राला स्वतःचे असे मोल फारसे नाही. शिवाय गोवा सरकारच्या योजनेमुळे आता शाळांमध्येच कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवले जाते. रेषेवरून चालणारी गाडी बनवली, एवढ्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे कौतुक होण्याचे दिवस सरले आहेत.

रात्रीच्या जागरणांविषयी आपली काळजी रास्त आहे. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात थोडी धावपळ होणारच, पण सबंध सत्रभर रात्री जागाव्या लागत असतील तर त्यात निष्ठेपेक्षा नियोजनाचा अभाव अधिक आहे. परीक्षेच्या काळात क्लब बंद ठेवण्याचा नियम कप्तानाने करावा. तसा नियम नसेल, तर मुलाने तो मागावा. केटी लागलेल्या सदस्याला ते सांगण्याचा पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : आमचा क्लब नवा आहे. अनुभवी सदस्य पास होऊन गेले आणि आम्ही सहा जण उरलो, सगळे दुसऱ्या वर्षाचे. त्यांनी काय केले होते याची नोंद नाही. रोबोकॉनमध्ये उतरावे अशी सर्वांची इच्छा आहे. — क्लबची चिटणीस, म्हापसा

उत्तर : रोबोकॉनचे आकर्षण आम्ही समजू शकतो. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटनेने २००२ मध्ये सुरू केलेल्या या स्पर्धेचा विषय दर वर्षी यजमान देश ठरवतो, आणि आपल्याकडे यजमानपद आले तेव्हा विषयही आपल्या ओळखीचेच निघाले : २००८ मध्ये पुण्यात दहीहंडी, तर २०२२ मध्ये नवी दिल्लीत लगोरी, ज्यात एका यंत्राने चेंडू मारून रचलेली लगोरी फोडायची, त्याच्या जोडीदार यंत्राने ती पुन्हा रचायची आणि प्रतिपक्षाच्या यंत्राने त्यात अडथळा आणायचा असा खेळ होता. भारतातील फेरी दूरदर्शनच्या पुढाकाराने होते.

तरीही पहिल्याच वर्षी सहा जणांनी ती अंगावर घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. बहुतेक वेळा एकाऐवजी दोन यंत्रे बांधावी लागतात, सरावाचे मैदान वर्गखोलीत मावत नाही आणि खर्च वर्गणीतून निघण्यासारखा नसतो. मुंबईच्या आयआयटीचा ई-यंत्र हा उपक्रम आपल्यासारख्यांना अधिक जवळचा आहे, कारण त्यात काम टप्प्याटप्प्याने दिले जाते आणि घरबसल्या शिकता येते. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी पाण्याखालच्या यंत्रांचाही विचार करावा. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ हे पाण्याखाली स्वतःहून चालणारे वाहन विकसित केले आहे, आणि असे काम करणारी माणसे इतक्या जवळ असणे ही थोडीथोडकी सोय नव्हे. मात्र पाणी आत शिरू न देणारी पेटी बनवण्यातच पहिले वर्ष जाईल, ही तयारी ठेवावी.

नोंदीविषयी : एक जाड वही आजच घ्यावी. कोणती वायर कोणत्या पिनला, कोणत्या मोटरला कोणता ड्रायव्हर (मोटर चालवणारे सर्किट), भाग कुठून व किती रुपयांना आणला, नियंत्रणाचे कोणते आकडे जुळले, आणि मुख्य म्हणजे काय जळले व का जळले, हे त्याच दिवशी लिहावे. ज्येष्ठांचे जुने यंत्र कपाटात पडले असेल तर मोटरांच्या लोभाने ते मोडू नये. आधी ते चालवून दाखवावे. पुढे आपण अंतिम वर्षाला जाल तेव्हा स्पर्धेचे नेतृत्व तिसऱ्या वर्षाकडे सोपवून स्वतः त्यांच्या मागे उभे राहावे. बरेच ज्येष्ठ हे करीत नाहीत आणि मग क्लब दर वर्षी शून्यावर येतो.

प्रश्न : स्पर्धेसाठी दाबोळीहून विमानाने दिल्लीला जायचे आहे. यंत्राच्या बॅटऱ्या, त्यांत एक २२.२ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची, नेता येतील का? — संघाचा सदस्य, मडगाव

उत्तर : सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या स्वतःजवळच्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून, प्रत्येक वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. मर्यादा वॉट-तासांत मोजतात, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. ११.१ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी ५५.५ वॉट-तास भरते आणि १०० च्या आत असल्याने नेता येते. १०० ते १६० पर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची आधी मंजुरी लागते आणि अशा दोनच नेता येतात. आपल्या २२.२ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीचे २२२ वॉट-तास होतात. ती नेता येणार नाही, तेव्हा तशी बॅटरी दिल्लीतच विकत किंवा उसनी मिळण्याची व्यवस्था आधी करावी, किंवा लहान बॅटऱ्या जोडून काम भागते का ते सरावातच पाहावे. फुगलेली बॅटरी मात्र कोणत्याही वाहनाने नेऊ नये.