पुण्यात रेगे, फंक आणि हार्ड रॉक एकत्र वाजवणारा नवीन बँड कोणी ऐकलाय का? की नुसती खिचडी होते?

ऐकलाय, अगदी जवळून, कारण त्यांचं सामान माझ्या इकोतून जातं. मावसभाऊ बास गिटार वाजवतो आणि माझ्याकडे गाडी आहे, म्हणून वर्षभर मी त्यांचा बिनपगारी मेंबर. नाव विचारू नका, दोन महिन्यांत तीनदा बदललंय आणि आत्ताचं पण टिकेल असं वाटत नाही.

खिचडी म्हणाल तर सुरुवातीला झालीच होती. धायरीत एका फॅब्रिकेशनच्या शेडमागे खोली घेतलीय, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, तिथे पहिले तीन-चार महिने नुसता कालवा. मी पथकात सहा वर्षं ताशा वाजवलाय म्हणून कुठे अडतंय ते कळलं. भानगड समेची, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेची आहे. फंकमध्ये पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकदम पडायचं, फंकचा मोठा अमेरिकन गायक जेम्स ब्राऊन त्यालाच 'द वन' म्हणायचा, आणि चुकलं की वादकांना दंड करायचा. रेगे जमैकाचं, त्यात बरोब्बर उलटं. वन ड्रॉप नावाचा ठेका असतो त्यात ड्रमर पहिली मात्रा चक्क मोकळी सोडतो, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काडीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) दोन्ही तिसरीवर, गिटार दुसरी-चौथीवर चक् चक् करते आणि खरी चाल बास धरतो. आणि हार्ड रॉकवाल्याला मोकळी जागा दिसली की ती भरल्याशिवाय चैन पडत नाही. आमचा ड्रमर पण पथकातलाच, सम सोडायची म्हणजे त्याला घोर पाप वाटायचं, त्यामुळे रेगे पण विसर्जन मिरवणुकीसारखा वाजायचा.

मग एक गाणं जमलं. पूर्ण कडवं सम रिकामी, आणि धृपदाला तीच सम डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज फाटका-खरखरीत करणारं पेडल, चालू करून दाणकन. इतका वेळ राखून ठेवलेली असते ना, अंगावरच येते. गिटारवाला आधी डिस्टॉर्शन कायम चालू ठेवायचा, त्यात तो चक् तुटतच नाही, चिखल होतो, आता कडव्याला पेडल बंद करतो. तसं हे जगात काही नवीन नाही, वॉशिंग्टनचे बॅड ब्रेन्स पंकसोबत रेगे वाजवायचे, अमेरिकेतल्याच ओमाहाचा '311' नावाचा बँड 1988 पासून रॉक, फंक, रेगे मिसळतोय.

गाण्यांचं मात्र अर्धवट आहे. इंग्रजी गाणी सोडून द्या, सदाशिव पेठेतला पोरगा जमैकन उच्चार काढायला लागला की मी गाडीत जाऊन बसतो. मराठी एक आहे सिंहगड रोडच्या ट्रॅफिकवर, ते खरंच भारी, कारण त्याला तो संथ ठेका शोभतो, गाडी पण पुढे सरकत नाही आणि गाणं पण. गायक आणि गिटारवाला फिरोदिया करंडकला, म्हणजे कॉलेजांच्या कला स्पर्धेला, एकाच टीममध्ये लाइव्ह म्युझिकला होते, त्यामुळे स्टेजवर बुजत नाहीत.

पैसे? कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेने मानधनाऐवजी पास्ता खायला घातला, तो पण गार.

रेकॉर्डिंग अजून नाहीये, मोबाईलवरचे व्हिडिओ ऐकून मत बनवू नका, त्यात बास गायब होतो आणि या बँडमध्ये बासच सगळं ओढतो. प्रत्यक्ष या, बासच्या अँपजवळ (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याजवळ) उभे राहा. आणि संपल्यावर लगेच पळू नका, तो अँप जिन्यावरून उतरवायला दोन माणसं लागतात.